तिसरी पिन

परवा हॉस्टेलच्या दुसऱ्या मजल्यावर एका ज्युनिअरने बोलावलं. स्पीकरमधून सारखा 'घूंऽऽऽ' असा आवाज येतो, जरा बघता का, म्हणून. ई अँड टीसीला असण्याचे हे तोटे आहेत. घरी गेलं की अख्खी आळी बिघडलेले रिमोट घेऊन दारात हजर, आणि इथे आलं की स्पीकर! गेलो. बघतो तर पठ्ठ्याने आधीच इलाज करून ठेवला होता. ॲम्प्लिफायरच्या थ्री-पिन प्लगची वरची जाड पिन पक्कडीने पिरगाळून काढून टाकलेली. वर मलाच सांगतो, "एका सीनियरनेच सांगितलं दादा, पिन मोड म्हणून. आवाज निम्म्याने कमी झाला. राहिलेला तेवढा तुम्ही घालवा."

स्पीकर राहिला बाजूला, मी त्याला अर्धा तास झापलं. एका पिनेवरून हा माणूस एवढा का तापला, हे त्या बिचाऱ्याला काही कळेना. रागात माणूस मुद्दा नीट मांडू शकत नाही. म्हणून हा लेख.

तापायला कारण आहे, आणि ते काळेवाडीचं आहे.

थर्ड इयरला हॉस्टेलची सीट हुकली तेव्हा आम्ही चौघे काळेवाडीत एका तीन मजली इमारतीत कॉट बेसिसवर राहत होतो. ज्यांनी काळेवाडी पाहिली नाही त्यांच्यासाठी सांगतो. पवनेच्या एका काठाला पिंपरी कॅम्प आणि दुसऱ्या काठाला ही वस्ती. चाकण-भोसरीच्या कंपन्यांत शिफ्टला जाणारे कामगार आणि आमच्यासारखी कॉलेजची पोरं एकाच जिन्याने वरखाली करतात. आमच्या खोलीच्या बरोबर खाली फॅब्रिकेशनचं दुकान. सकाळी नऊ वाजले की वेल्डिंग, कटर, ठोकाठोक, आणि त्यावर कडी म्हणजे मालकांचा रेडिओ.

अशा ठिकाणी आम्हाला गॅदरिंगच्या एकांकिकेचं निवेदन रेकॉर्ड करायचं होतं. सामग्री म्हणाल तर जुना असेंबल्ड कॉम्प्युटर, उधारीचा माईक, आणि लातूरच्या मित्राच्या मामांचा लग्नाकार्यात वाजून वाजून थकलेला ट्रान्सफॉर्मरवाला ॲम्प्लिफायर. दिवसा रेकॉर्डिंग शक्यच नव्हतं. रात्री एकनंतर सगळं शांत झालं की बसायचो. आपण काहीतरी नवीन करतोय असं तेव्हा वाटायचं. पुढे कळलं की १९३१ साली अर्देशीर इराणींनी 'आलम आरा' हा पहिला भारतीय बोलपट असाच रात्री चित्रित केला होता, कारण स्टुडिओशेजारून रेल्वेचे रूळ जायचे आणि गाड्या थांबल्याशिवाय संवाद ऐकू येत नसत. त्यांना गाड्या, आम्हाला ग्रिलवाले.

बाहेरचा आवाज थांबला तेव्हा आतला ऐकू यायला लागला. काहीही वाजत नसताना ॲम्प्लिफायर चालू केला की 'घूंऽऽऽ'. एकसुरी, खालच्या पट्टीतला, न थांबणारा. लातूरचा मित्र गावाकडे भजनी मंडळात पेटी वाजवणारा. त्याने दोन मिनिटं कान लावून ऐकलं आणि म्हणाला, "अरे, तुमचा कॉम्प्युटर पांढरी पाचमध्ये गातोय. जरासा चढा आहे, पण पांढरी पाचच."

आम्ही हसलो. पण त्याचं गणित अगदी बरोबर होतं. आपल्या घरातली वीज सेकंदाला ५० वेळा हेलकावते, आणि पॉवर सप्लायमध्ये तिचं रेक्टिफिकेशन झालं की १०० ची लहर उरते. पेटीवरची पांढरी पाच खाली खाली नेत गेलं की ९८ हर्ट्झ आणि त्याखाली ४९ हर्ट्झ येतात. म्हणजे महावितरणचा षड्ज पांढरी पाचपेक्षा किंचित चढा! त्या पेटीवाल्या गड्याने कानाने जे ओळखलं ते आम्ही तीन सेमिस्टर ऑसिलोस्कोपवर बघूनही ओळखलं नव्हतं.

खरं तर तिथेच उत्तर सापडायला हवं होतं. आवाज पांढरी पाचमध्ये आहे म्हणजे तो विजेच्या वाटेने येतोय, साउंड कार्ड खराब असल्यामुळे नाही. पण आम्ही पडलो इंजिनिअर. आधी खरेदी, मग विचार! वर्गणी काढून बुधवार पेठेतल्या तापकीर गल्लीतून एक यूएसबी साउंड कार्ड आणलं. खोक्यावर ठळक अक्षरांत '२४ बिट'.

कार्डाने काहीच केलं नाही असं म्हणणार नाही. आमच्या कॉम्प्युटरला दुसराही एक आजार होता. माऊस हलवला की स्पीकरमधून 'चिर्रर्र' असा आवाज यायचा, खिडकी वरखाली केली की वेगळा, हार्ड डिस्क फिरली की आणखी वेगळा. मदरबोर्डवर प्रोसेसर, ग्राफिक्स आणि आवाजाची चिप एकाच ग्राउंडवर नांदतात. मोठ्यांनी हिसका दिला की धाकटीचा आवाज थरथरतो, एकत्र कुटुंबासारखं. १९९७ साली इंटेलने एसी-९७ हे मानक आणलं आणि हळूहळू मदरबोर्डवरच आवाजाची चिप बसायला लागली. स्वस्त झालं, पण ही थरथरही घरोघरी गेली. आवाजाचं काम कॅबिनेटच्या बाहेर यूएसबी कार्डावर नेलं की 'चिर्रर्र' पुष्कळ कमी होतं. आमचंही झालं.

'घूं' मात्र जिथल्या तिथे.

आता हे गणित बघा, कारण खोक्यावरचे आकडे बघून पैसे खर्च करणारे आपल्यात खूप आहेत. कॉम्प्युटरमधून ॲम्प्लिफायरला जाणारा सिग्नल साधारण एक तृतीयांश व्होल्टच्या आसपास असतो. त्याच्या तारेत वाटेत फक्त १ मिलिव्होल्टची 'घूं' घुसली, तर ती सिग्नलच्या खाली जेमतेम ५० डेसिबल राहते. एक बिट म्हणजे सहा डेसिबल, हे आपण सगळ्यांनी पाठ केलेलं आहे. १६ बिटांना सुमारे ९८ डेसिबल आणि २४ बिटांना कागदावर १४६. मग ५० डेसिबल म्हणजे किती बिट? आठ! २४ बिटांचं कार्ड आणायचं आणि ८ बिटांचा आवाज ऐकायचा. उरलेले १६ बिट तापकीर गल्लीला दान.

आणि हा १ मिलिव्होल्ट काही निसर्गाने दिलेला नाही. निसर्गाचा वाटा वेगळा आहे, आणि तो टाळता येत नाही. साध्या रेझिस्टरमध्येसुद्धा उष्णतेमुळे इलेक्ट्रॉन वळवळतात आणि त्याची खरखर होते. जॉन्सन आणि नायक्विस्ट या बेल लॅबच्या दोघांनी १९२८ साली हे मोजून आणि सिद्ध करून दाखवलं. १० किलोओहमचा रेझिस्टर, खोलीचं तापमान आणि २० किलोहर्ट्झची बँडविड्थ धरली तर ती खरखर येते सुमारे १.८ मायक्रोव्होल्ट. म्हणजे निसर्गाने दिलेल्या खरखरीच्या पाचशेपट जास्त आपण आपल्या वायरिंगमधून आणतो. मग तो १ मिलिव्होल्ट आला कुठून?

आमचा कॉम्प्युटर खिडकीजवळच्या बोर्डावर होता आणि ॲम्प्लिफायर दाराजवळच्या. दोघांनाही थ्री-पिन. म्हणजे दोघांची बॉडी आपापल्या बोर्डातून अर्थिंगला जोडलेली. पण दोन बोर्डांची अर्थिंगची तार वेगवेगळ्या वाटेने खाली जाते. त्या तारांतून फ्रीज, पंप, शेजाऱ्यांचे कॉम्प्युटर यांची थोडी थोडी गळती वाहत असते, त्यामुळे दोन्ही 'अर्थ' तंतोतंत एका पातळीवर नसतात, काही मिलिव्होल्टचा फरक पडतो. त्यात आपण मध्ये ऑडिओची केबल जोडली. केबलचं वरचं जाळीचं कवच म्हणजे दोन्ही बॉडींना जोडणारी तिसरी वाट. झालं मोठं रिंगण तयार! त्या रिंगणातून ५० हर्ट्झचा करंट फिरतो, आणि कवच हीच सिग्नलची परतीची वाट असल्याने ॲम्प्लिफायर त्यालाही गाणं समजून मोठं करतो. याला ग्राउंड लूप म्हणतात. परीक्षेला येत नाही म्हणून कुणी वाचत नाही.

रिंगण तोडलं की आवाज बंद. ते कुठे तोडायचं, हाच सगळा प्रश्न. आमच्यातला साताऱ्याचा मेकॅनिकलवाला पक्कड घेऊन उठला आणि ॲम्प्लिफायरची तिसरी पिन कट्कन मोडली. एकदम शांतता! आम्ही त्याला खांद्यावर घ्यायचे तेवढे बाकी होतो. निवेदन रेकॉर्ड झालं, गॅदरिंग झालं, एकांकिकेला टाळ्या पडल्या. पिन कुठे गेली कुणाच्या लक्षातही नाही.

मग जून आला. पहिला पाऊस, भिंतीला ओल, सबमिशनची घाई. लातूरच्या मित्राला ॲम्प्लिफायर मोबाईलला जोडायचा होता. त्याने एका हाताने कॉम्प्युटरमागचा जॅक ओढून काढला, तेव्हा दुसरा हात कॅबिनेटवर टेकलेला होता. पुढचं आम्ही फक्त ऐकलं. एक विचित्र ओरडणं आणि मागोमाग कॉट सरकल्याचा आवाज. तो मागे फेकला गेला आणि भिंतीवर आपटला. जॅक हातातून सुटला हे नशीब. बराच वेळ तो काही बोललाच नाही, नुसता तळहाताकडे बघत बसला होता.

झालं काय होतं, ते आमच्या सरांनी नंतर फळ्यावर काढून दाखवलं. त्या म्हाताऱ्या ट्रान्सफॉर्मरचं इन्शुलेशन ओलीने सुटत चाललं होतं आणि करंट हळूहळू बॉडीवर गळत होता. तिसरी पिन असती तर तो अर्थिंगमधून मुकाट्याने खाली गेला असता, फारच वाढला असता तर फ्यूज उडाला असता. पिन नव्हती. म्हणून तो गळका करंट काही दिवस ऑडिओच्या केसासारख्या कवचातून कॉम्प्युटरच्या अर्थिंगकडे जात राहिला. कुणालाच पत्ता नाही. ज्या क्षणी जॅक निघाला त्या क्षणी ती वाटही तुटली. जॅकचं धातूचं टोक जिवंत, कॅबिनेट अर्थला, आणि मध्ये आमचा पेटीवाला. करंट एका हातातून शिरून दुसऱ्या हातातून बाहेर. त्या वाटेवर काळीज असतं, हे सांगायला मेडिकलचा विद्यार्थी लागत नाही.

म्हणून मी परवा तापलो.

थ्री-पिन प्लगची वरची पिन इतर दोघींपेक्षा लांब आणि जाड का असते, हा व्हायवाचा पेटंट प्रश्न. सगळे उत्तर देतात: लावताना ती सगळ्यात आधी जोडली जावी आणि काढताना सगळ्यात शेवटी सुटावी म्हणून. पैकीच्या पैकी मार्क घेतात आणि रूमवर येऊन तीच मोडतात! किंवा प्लगच न लावता तारेची दोन टोकं सॉकेटमध्ये खुपसून वर काडेपेटीची काडी ठोकतात. काडी ठोकण्याच्या प्रॅक्टिकलला मार्क असते तर हॉस्टेलचा निकाल शंभर टक्के लागला असता.

माझं म्हणणं कुणाला अतिरेकी वाटेल, पण सांगतोच: आवाज कमी करण्यासाठी मेन्सची अर्थ पिन काढणं हा इलाजच नाही. तो जिवावरचा जुगार आहे, आणि जो सीनियर हे ज्युनिअरला शिकवतो त्याने ई अँड टीसीचं नाव सांगू नये. काही जण लगेच म्हणतील की स्टुडिओत तर 'ग्राउंड लिफ्ट'चं बटण असतं, ते काय मूर्ख आहेत? मूर्ख नाहीत. ते बटण सिग्नलच्या केबलचं कवच एका टोकाला सोडवतं, मेन्सची अर्थिंग जिथल्या तिथे राहते. नावात ग्राउंड आहे म्हणून दोन्ही एक होत नाहीत.

आता दुसरी बाजू. तिसरी पिन शाबूत आहे, पण समोरच्या भोकात काहीच नाही! काळेवाडीत आमच्या वरच्या मजल्यावर हाच प्रकार होता. तिथल्या मुलांची तक्रार वेगळीच: कॅबिनेटला हात लावला की मुंग्या येतात, लॅपटॉप चार्जिंगला लावून वरून बोट फिरवलं की झिणझिण होते, आणि माईक लावला की खरखर. कॉम्प्युटरच्या एसएमपीएसमध्ये स्वतःचाच नॉईज रोखायला एक फिल्टर असतो. त्यातले दोन बारके कॅपॅसिटर फेज आणि न्यूट्रलकडून बॉडीला जोडलेले असतात. त्यांनी गोळा केलेली घाण अर्थिंगमधून बाहेर जावी अशी योजना. अर्थिंगच नसेल तर? मोरी तुंबल्यावर पाणी जाणार कुठे? घरातच पसरणार. बॉडी मेन्सच्या निम्म्या व्होल्टेजवर, म्हणजे ११५ च्या आसपास, तरंगत राहते. करंट अगदी थोडा, मिलिअँपिअरच्या आतबाहेर, म्हणून नुसत्या मुंग्यांवर भागतं. आणि तोच नॉईज ऑडिओच्या वाटेने स्पीकरमध्ये येतो. साध्या टू-पिनच्या लॅपटॉप चार्जरचंही असंच असतं. म्हणून चार्जर काढून बॅटरीवर रेकॉर्ड केलं की आवाज स्वच्छ येतो. हा अनुभव पुष्कळांना आहे, कारण मात्र कुणी विचारत नाही.

मालकांना सांगायला गेलो तर ते म्हणाले, "अरे बाळांनो, बारा वर्षं झाली बिल्डिंगला. कुणाला काही झालंय का आजपर्यंत?" भाडेकरू पोरं काय बोलणार? पण यात आणखी एक गोम आहे, ती त्या मुलांना आम्ही पटवून दिली. चार खोल्यांची अर्थिंगची तार एकमेकींना जोडलेली आहे, पण खाली जमिनीला पोचलेलीच नाही, असं असेल, तर एका खोलीतली बिघडलेली इस्त्री चौथ्या खोलीतल्या कॅबिनेटला करंट देऊ शकते. अर्धवट अर्थिंग म्हणजे संकट वाटून घेण्याची सोय. शेवटी वर्गणी काढून वायरमनमामांना बोलावलं. त्यांनी मीटरच्या पेटीजवळ तुटलेली तार दोन तासांत जोडली. मुंग्या गेल्या, आणि खरखरही गेली. नवीन कार्ड न घेता!

बरं, पिन मोडायची नाही तर मग 'घूं' घालवायची कशी? फुकटातला उपाय आधी. कॉम्प्युटर आणि ॲम्प्लिफायर दोघांनाही एकाच चांगल्या, खरंच अर्थिंग असलेल्या एक्स्टेन्शन बोर्डावर लावा. दोघांच्या अर्थच्या तारा वीतभर अंतरात भेटल्या की रिंगणच लहान होतं. आमच्या खोलीत नंतर एवढ्यानेच नव्वद टक्के काम झालं, आणि हे आधी सुचलं नाही याची आजही लाज वाटते. उरलेल्यासाठी ऑडिओच्या वाटेत एक छोटा आयसोलेशन ट्रान्सफॉर्मर. दोन-चारशे रुपयांत तयार मिळतो. त्यात तांब्याला तांबं जोडलेलं नसतं. गाणं चुंबकाच्या वाटेने पलीकडे जातं, रिंगणाचा करंट अलीकडेच राहतो. रिंगण तुटतं, पण सिग्नलच्या बाजूला. अर्थिंगला हात लागत नाही. उपकरणात सोय असेल तर ऑप्टिकल केबल त्याहून उत्तम. तोशिबाने ती १९८३ साली आणली. काचेतून किंवा प्लॅस्टिकमधून प्रकाश जातो, करंट जात नाही.

बाकीचं पटापट सांगतो. कॉम्प्युटरचा व्हॉल्यूम चढा ठेवा आणि ॲम्प्लिफायरचा उतरता. आपल्याकडे नेमकं उलटं असतं, आणि मग ॲम्प्लिफायर नॉईजच मोठा करत बसतो. मिक्सरमध्ये न वापरलेले इनपुट बंद करा. माईक बूस्ट लागला तरच लावा. कॅबिनेटच्या पुढच्या जॅकला मागच्या जॅकपासून येणारी तार बऱ्याचदा उघडी, कवच नसलेली असते, म्हणून मागचा जॅक वापरा. आणि स्पीकरमधून 'टिक-टिक-टिर्रर्र' आलं की घाबरू नका, कुणाचा तरी टू-जी मोबाईल शेजारी ठेवलेला असणार. तो सेकंदाला २१७ वेळा थांबून थांबून बोलतो, तेच ऐकू येतं. फोन हातभर लांब ठेवला की काम झालं.

माईकबद्दल मात्र थोडं थांबून सांगायला हवं, कारण आता कॅम्पसच्या पहिल्या फेऱ्या ऑनलाइन होतात आणि पोरं हॉस्टेलच्या खोलीतून मुलाखती देतात. सगळ्यांचा भरवसा नॉईज घालवणाऱ्या सॉफ्टवेअरवर. अंतर निम्मं केलं की आवाज सहा डेसिबलने वाढतो. माईक ४० सेंटिमीटरवरून १० वर आणला तर बारा डेसिबल, तेही फुकट! सॉफ्टवेअरला तेवढे डेसिबल मिळवायला काहीतरी खावंच लागतं. आणि ते आधी काय खातं? आपले स, श, ष. ही अक्षरं मुळातच खरखर आहेत, नुसत्या हवेचा फूत्कार. सॉफ्टवेअर जरा कडक लावलं की ते त्यांनाच नॉईज समजतं आणि पुसून टाकतं. आमच्या निवेदनात एक वाक्य होतं, 'शेवटच्या श्वासापर्यंत'. सॉफ्टवेअरमधून काढल्यावर ते ऐकू आलं 'एवटच्या वाआपर्यंत'. दिग्दर्शक आमच्याकडे बघायचा, आम्ही छताकडे. एकदा आत शिरलेला नॉईज बाहेर काढताना असलं चांगलंही थोडं जातंच.

आपल्याच रस्त्यावर याचं मोठं उदाहरण उभं आहे. काळेवाडीतून निघा, नाशिक फाटा, भोसरी, चाकण, राजगुरुनगर, मंचर करत नारायणगावला पोचा. जवळच खोडदला जीएमआरटी, ४५ मीटर व्यासाच्या तीस डिश. डॉ. गोविंद स्वरूप आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९० च्या दशकात हे उभं केलं. विश्वातून येणारा रेडिओ सिग्नल इतका क्षीण असतो, की आपली १ मिलिव्होल्टची 'घूं' त्याच्यापुढे ढोलताशा वाटेल. म्हणून त्यांनी पहिला विचार जागेचा केला. माणसाने केलेला रेडिओचा गोंगाट कमी असेल अशी जागा बघितली. दूरवरच्या डिशकडून येणारा सिग्नल ऑप्टिकल फायबरने आणला. आणि मला सगळ्यात आवडलेली गोष्ट म्हणजे त्यांचे स्वतःचे कॉम्प्युटरसुद्धा नॉईज करतात हे ओळखून ती यंत्रणा धातूच्या कवचाच्या खोलीत बंद केली. आधी स्वतःच्या घरातला गोंगाट! एवढं करूनही विजेच्या लाइनवर ठिणग्या उडतात, त्याचा त्रास होतोच, आणि मग त्यासाठी फिल्टर. फिल्टरचा नंबर शेवटी लागतो. आपण मात्र फिल्टरपासून सुरुवात करतो. चाकणच्या ट्रॅफिकमध्ये दोन तास काढायची तयारी असेल तर फेब्रुवारीच्या शेवटी, विज्ञान दिनाच्या सुमारास तिथे प्रदर्शन भरतं, जाऊन या.

आता थोडं शिक्षकवृंदाला. लहान तोंडी मोठा घास आहे, पण मासिकात नाही लिहायचं तर कुठे?

इलेक्ट्रिकलच्या लॅबमध्ये अर्थ टेस्टर आहे. दर वर्षी एक प्रॅक्टिकल असतं, अर्थ रेझिस्टन्स मोजण्याचं. दर वर्षी एकाच खड्ड्यावर, लॅबच्या मागच्या. आणि खरं सांगायचं तर (सर, रागावू नका) जर्नलमधली रीडिंग्जही दर वर्षी तीच असतात, कारण ती वरच्या बॅचच्या जर्नलमधून येतात. खड्डा पावसाळ्यात ओला आणि मे महिन्यात कोरडा ठणठणीत, रेझिस्टन्स मात्र जर्नलमध्ये बारा महिने सारखा! मीठ-कोळशाच्या जुन्या पद्धतीच्या खड्ड्यात उन्हाळ्यात पाणी घालावं लागतं, हे पुस्तकात आहे. अर्थिंगसाठी आयएस ३०४३ ही भारतीय मानक संहिता आहे, १९८७ ची, २०१८ मध्ये सुधारलेली, तीही लायब्ररीत असायला हरकत नाही. माझी विनंती एवढीच, की हे प्रॅक्टिकल हॉस्टेलवर घ्यावं. एका बॅचला एक मजला. वायरमन आणि सर सोबत असतील तरच, एकट्याने मल्टीमीटर घेऊन सॉकेटमध्ये खुपसायला मी कुणाला सांगत नाहीये. फेज ते न्यूट्रल २३०, फेज ते अर्थ जवळजवळ तेवढंच, न्यूट्रल ते अर्थ एखाद-दोन व्होल्ट. जिथे फेज ते अर्थ भलतंच काहीतरी दिसेल तिथे तिसरं भोक शोभेचं आहे असं समजायचं आणि दारावर खडूने खूण करायची. त्याचबरोबर प्रत्येक मजल्याला ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी आहे की नाही, आणि असला तर त्याचं 'टेस्ट' बटण दाबून शेवटचं कुणी कधी बघितलं, तेही विचारावं. पोरांना एकदाचं खरं रीडिंग मिळेल, आणि हॉस्टेलला त्याच्या वायरिंगची खरी यादी.

खर्च कोण करणार, हा प्रश्न येईल. सॉकेट बदलायला, तार जोडायला पैसे लागतात, मान्य. पण एका मजल्यावर मुलांनी नॉईज घालवायला म्हणून घेतलेली साउंड कार्डं, फिल्टर आणि 'नॉईज-फ्री' केबली मोजल्या, तर अर्धा मजला दुरुस्त होईल असा माझा अंदाज आहे. काळेवाडीचा आमचा हिशेब तरी तेच सांगतो.

त्या ज्युनिअरचं राहिलंच. त्याच्या प्लगला मी नवीन थ्री-पिन टॉप बसवून दिला, दोन्ही उपकरणं एका बोर्डावर आणली, कॉम्प्युटरचा व्हॉल्यूम चढवला, ॲम्प्लिफायरचा उतरवला. 'घूं' जवळजवळ गेली. अगदी कान लावला तर रात्री ऐकू येते. तेवढ्यासाठी ट्रान्सफॉर्मर आण म्हणालो, तर म्हणाला, "राहू दे दादा, एवढा चालतो."

लातूरचा मित्र अजून पेटी वाजवतो. आमच्या निवेदनाची ती फाइलही माझ्याकडे आहे, काळेवाडीत रात्री दोन वाजता रेकॉर्ड केलेली. तिसऱ्या मिनिटाला खाली कुणीतरी दुकानाचं शटर ओढल्याचा आवाज येतो, आणि मागोमाग आमच्यापैकीच कुणीतरी दाबलेलं हसू. तो नॉईज मी काढलेला नाही.